घाटात गप्प

अण्णा, माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. बरीच वर्षं त्यांच्याकडे स्वारगेट–महाड गाडी होती, भोरवरून वरंधा घाटानं जाणारी. शाळेला सुट्टी लागली की अधूनमधून ते मला बरोबर न्यायचे. माझी जागा ठरलेली: ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, इंजिनाच्या बॉनेटवर, घडी घातलेल्या गोधडीवर. खालून इंजिनाची धग, समोर भली मोठी काच आणि काचेच्या वर रंगवलेली पाटी: 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.'

ती पाटी कुणी पाळत नसे. अण्णा तर मुळीच नाही. भोर येईपर्यंत त्यांचं तोंड चालूच. कंडक्टरशी डेपोतल्या बदल्यांचं राजकारण, पहिल्या बाकावरच्या मास्तरांकडे भाताची चौकशी, मध्येच माझ्याकडे मान वळवून "सतरा सत्ते?" भोर मागं पडलं, रस्ता वर चढायला लागला, की एका ठरावीक ठिकाणी ते आरसा बोटानं पुसायचे, गळ्यातला पंचा नीट करायचे आणि म्हणायचे, "चला, घाट." एवढं म्हटलं की गाडीच्या पुढच्या भागात चिडीचूप. कंडक्टर चामड्याची पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत बसायचा. तिकिटांचा हिशेबसुद्धा घाट उतरल्यावर.

एकदा त्या घाटात मला ढवळायला लागलं. सकाळी हट्टानं दोन वडापाव खाल्ले होते. मी तोंडावर हात दाबून बसलो, कारण घाटात बोलायचं नाही हे मला पक्कं माहीत होतं. शेवटी व्हायचं ते झालं, गोधडीवर, आणि थोडं अण्णांच्या गिअरच्या दांड्यावरही. घाट उतरून एका झऱ्यापाशी त्यांनी गाडी थांबवली, मला धुऊन काढलं आणि विचारलं, "सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं, "तुम्हीच म्हणता, घाटात बोलायचं नाही." त्यावर ते म्हणाले, "अरे, पाढे सांगायचे नाहीत. उलटी सांगायची."

हे सगळं माझ्या भाचीमुळे आठवलं. ती विमान चालवते. एअरबस ए३२० वर फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे उजव्या खुर्चीत बसते. मागे एकदा गणपतीत घरी आली होती. उकडीचे मोदक, त्यावर तूप, आणि आम्ही दोघं नवरा-बायको तिच्यापुढे चौकशांची यादी घेऊन बसलेलो. बोलता बोलता ती म्हणाली, "दहा हजार फुटांच्या खाली स्टेराइल कॉकपिट असतं, तेव्हा आम्ही बोलत नाही." माझी बायको म्हणाली, "म्हणजे काय गं, डेटॉलनं पुसता?"

पुसत नाहीत. निर्जंतुक म्हणतात ते गप्पांपुरतं. उड्डाणानंतर दहा हजार फूट गाठेपर्यंत आणि उतरताना दहा हजारांच्या खाली आल्यापासून कॉकपिटमध्ये विमान चालवण्याशी ज्याचा संबंध नाही असं काही बोलायचं नाही आणि करायचं नाही. खाणं नाही, कागदपत्रं भरणं नाही, केबिन क्रूनं "सर, कॉफी?" म्हणून फोन करणं नाही. दिल्लीहून पुण्याला येणारं विमान साधारण मंचरच्या आसपास कुठंतरी त्या उंचीखाली येत असावं. तिथून लोहगावपर्यंतची दहा-बारा मिनिटं म्हणजे यांचा घाट.

हा नियम अमेरिकेत 1981 साली झाला, आणि त्याच्या मागं प्रेतं आहेत, जशी अशा बहुतेक नियमांच्या मागं असतात. 11 सप्टेंबर 1974 च्या सकाळी ईस्टर्न एअर लाइन्सचं एक डीसी-9 शार्लट शहरात उतरत होतं. धावपट्टीजवळ धुकं. उतरताना कॉकपिटमध्ये दोघांच्या गप्पा चालल्या होत्या, राजकारणापासून जुन्या मोटारींपर्यंत. मध्येच एका करमणूक उद्यानाचा मनोरा दिसतो का ते बघणं. उंचीकडे लक्ष राहिलं नाही. विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला टेकलं. 82 जणांपैकी 72 गेले. चौकशी करणाऱ्यांनी ध्वनिफीत ऐकली तेव्हा त्यांना दोन चांगली, अनुभवी माणसं आपण भोरपर्यंत मारतो तशा गप्पा मारताना ऐकू आली.

मी भाचीला म्हटलं, "सोपं आहे मग. गप्प बसायचं."

ती मोदकाची कळी मोडता मोडता हसली. म्हणाली, "मामा, गप्पा मारणारे आता फार नाहीत. कामात बुडणारे जास्त."

मला ते नीट कळलं नाही. मग तिनं बशी बाजूला सारली आणि शेवटचं दीड मिनिट सांगायला घेतलं. विमान धावपट्टीपासून हजार फूट वर असतं तेव्हा ते ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगानं चाललेलं असतं आणि मिनिटाला सातशे फूट खाली येत असतं. म्हणजे चाकं टेकायला ऐंशी-नव्वद सेकंद. त्या हजार फुटांवर सगळं जागच्या जागी पाहिजे: चाकं बाहेर, फ्लॅप्स पूर्ण, वेग नेमका, नाक रेषेत, चेकलिस्ट वाचून झालेली. हवा स्वच्छ असली तर काही कंपन्या पाचशे फुटांपर्यंत सवलत देतात. तोपर्यंत जमलं नाही तर वाद न घालता पुन्हा वर जायचं, गो-अराउंड. दोघांपैकी एक जण चालवतो आणि दुसरा फक्त लक्ष ठेवतो. त्या दुसऱ्याचं लक्ष ठेवणं हेच काम असतं, आणि ते पहिल्याच्या कामाइतकंच मोजलं जातं.

"आता यात समजा एटीसीनं, म्हणजे खालच्या कंट्रोलरनं, ऐनवेळी धावपट्टी बदलली," ती म्हणाली. "आम्हाला खाली मान घालून कॉम्प्युटरमध्ये नवा मार्ग भरायला लागतो. हे काम खरं आहे, गरजेचं आहे. कुणी आम्हाला फालतूपणा करता म्हणणार नाही. पण दोघांचीही मान खाली गेली तर बाहेर कोण बघतंय?" पुण्याचा विमानतळ मुळात हवाई दलाचा. तिथले कंट्रोलर हवाई दलाचे, आणि अडीच किलोमीटरच्या एकाच धावपट्टीवर सुखोईही उतरतात आणि आपली तिकिटंवाली विमानंही. वर घारी. कचऱ्याचे ढीग बघून घिरट्या घालणाऱ्या. एखादी घार दिसली की पायलटची नजर तिच्या मागं जाते, जायलाच हवी, आणि तेवढ्यात वेगाचा काटा पाच नॉटनं सरकलेला असतो.

मग तिनं मला मायामीची गोष्ट सांगितली. ती मी नंतर शोधून शोधून वाचली, आणि अजून ती डोक्यातून जात नाही.

29 डिसेंबर 1972 ची रात्र. न्यूयॉर्कहून मायामीला आलेलं ट्रायस्टार, तेव्हाचं अगदी नवं, देखणं विमान. आत 176 माणसं. उतरताना चाकं बाहेर काढली. मुख्य चाकांचे हिरवे दिवे लागले, नाकाखालच्या चाकाचा लागला नाही. म्हणजे एकतर चाक बाहेर आलेलं नाही किंवा नुसता दिवा गेलाय. कॅप्टननं उतरणं सोडलं, दोन हजार फुटांवर विमान नेलं, ऑटोपायलटला ती उंची धरून ठेवायला सांगितलं आणि शहराबाहेरच्या दलदलीकडे वळवलं. इथपर्यंत सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं.

मग सगळे त्या दिव्याच्या मागं लागले. दिव्याचं झाकण काढलं, ते परत बसवताना अडकलं. फर्स्ट ऑफिसर त्याच्याशी झटतोय, कॅप्टन त्याला सांगतोय. फ्लाइट इंजिनिअर फरशीतली झडप उघडून खाली उतरला, चाक डोळ्यांनी दिसतंय का बघायला. कॉकपिटमध्ये बसून आलेला कंपनीचा एक तंत्रज्ञही मदतीला. या गडबडीत कुणाचा तरी स्टिअरिंगच्या दांड्याला धक्का लागला असावा. ऑटोपायलटनं उंची सोडली आणि विमान अगदी हळू, अंगाला जाणवणार नाही अशा बेतानं खाली यायला लागलं. बाहेर चंद्र नाही, खाली एकही दिवा नाही, नुसती काळी दलदल. उंची सुटल्याची सूचना म्हणून अर्ध्या सेकंदाचा एक मंजूळ सूर वाजला. तो ध्वनिफितीत आहे. त्यावर कुणी काही बोललेलं नाही.

जमिनीवरच्या कंट्रोलरच्या पडद्यावर त्यांची उंची नऊशे फूट दिसली. त्यानं विचारलं, कसं काय चाललंय तिकडे? इतकंच. कॉकपिटमधून उत्तर गेलं, ठीक, आता वळून परत येतो. शेवटच्या काही सेकंदांत फर्स्ट ऑफिसर म्हणतो, आपण उंचीला काहीतरी केलंय. आपण अजून दोन हजारांवरच आहोत ना? आणि कॅप्टन म्हणतो, अरे, हे काय होतंय इथं? 101 माणसं गेली. नाकाखालचं चाक व्यवस्थित बाहेर आलेलं होतं. फक्त दिवा गेला होता.

त्या चौघांत गप्पा मारणारा कुणी नव्हता, आळशी कुणी नव्हता. प्रत्येक जण मन लावून काम करत होता. डोळे एका गोष्टीत पुरते गुंतले की कान कमी ऐकतात, हे मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा तपासून बघितलं आहे. कान फुटल्यासारखं होत नाही, आवाज पोचतो, पण आत त्याला दार उघडायला कुणी मोकळं नसतं. आमच्या घरी क्रिकेटची मॅच चालू असताना कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे मला हे पटायला पुरावा लागला नाही.

इथं मला आपल्या मराठीचं एक आश्चर्य वाटलं. व्यवधान हा शब्द घ्या. संस्कृतात व्यवधान म्हणजे आड येणारी गोष्ट, अडथळा. आपण मराठीत मात्र म्हणतो, "तिला घरी म्हाताऱ्या सासूचं व्यवधान आहे", "सारखं व्यवधान ठेवावं लागतं". म्हणजे जपायची, लक्षात ठेवायची गोष्ट. एकाच शब्दात आड येणंही आणि जपणंही. माझी आई दुधावर लक्ष ठेवायला सांगताना म्हणायची, "जरा व्यवधान असू दे." मायामीच्या त्या विमानात बिघडलेला दिवा हे चौघांचंही व्यवधान होतं, दोन्ही अर्थांनी. विमानांच्या पुस्तकांत याला 'डिस्ट्रॅक्शन' हा जो इंग्रजी शब्द वापरतात त्यात हे येत नाही. त्यात उगाचच काहीतरी हलकं, चुकार असल्याचा वास आहे. लक्ष उडवणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा सज्जन असतात.

हे मी अनुभवानं सांगतोय. मी बँकेत कॅशियर होतो. 1996 सालची गोष्ट. तेव्हा नोटांच्या पॅकेटांना स्टेपलच्या टाचण्या मारलेल्या असायच्या, टाचणी काढून, पाण्यातल्या स्पंजवर बोट टेकवून शंभर नोटा मोजायच्या. मोजताना कुणी बोललं की पहिल्यापासून, हा आमचा धर्म. नव्वदवर असलो तरी पहिल्यापासून. त्या दिवशी बाजाराचा दिवस, रांग दारापर्यंत. खिडकीशी आमचे एक जुने खातेदार आले. अण्णा तेव्हा ससूनमध्ये होते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी आवाज खाली आणून, अगदी मनापासून विचारलं, "वडिलांचं कसं आहे आता?" मी हातातलं काम न थांबवता त्यांना सांगत राहिलो, काल रक्त चढवलं, आज जरा बोलले. त्यांच्या मागच्या माणसाला पन्नासच्या नोटांचं पॅकेट द्यायचं होतं. मी शंभरचं दिलं.

संध्याकाळी रोकड पाच हजारांनी कमी. तीनदा जुळवली, तिन्हीदा पाच हजारच. तेव्हाच्या माझ्या जवळजवळ एका पगाराएवढी रक्कम, ती मी हप्त्यांनी भरली. कुणाला दिलं ते मला रात्री अंथरुणात आठवलं, पण नावानिशी नाही. फक्त एक हात आठवला, त्यावरचं गोंदण आठवलं. आणि गंमत म्हणजे आजही मला त्या खातेदारांचा राग येत नाही. त्यांनी विचारायला नको होतं असं मी म्हणूच शकत नाही. मी थांबायला हवं होतं. पॅकेट खाली ठेवून दोन वाक्यं बोलायला हवी होती.

विमानात हेच शिकवतात असं भाची म्हणाली. चेकलिस्ट वाचताना कुणी मध्ये बोललं, रेडिओवर हाक आली, तर राहिलेल्या जागेपासून पुढं जायचं नाही. पुन्हा वरून. कारण राहिलेली जागा आपल्याला जिथं वाटते तिथं नसते. मेंदू पुढचं एखादं कलम आधीच झालं म्हणून धरून चालतो. रोज तेच वाचल्यामुळे कालचं वाचलेलंही आजचं वाटतं.

माझ्याबद्दल तिची एक वेगळी तक्रार होती. माझ्या फोनवर विमानं दाखवणारं ॲप आहे. ती पुण्याला येणार असली की मी रात्री गच्चीत जाऊन बसतो आणि नाशिक ओलांडलं, संगमनेर ओलांडलं असं बघत राहतो. आणि मेसेज करतो. 'दिसतेयस.' 'आमच्या बाजूनं उतरणार का?' 'हात करतोय.' एकदा तर, 'मामी विचारतेय पिठलं करू का.' मला वाटायचं हे मेसेज तिला उतरल्यावर दिसतील. तिचा फोन बॅगेत, बंदच असतो, त्यामुळे तसे दिसतातही. पण तिनं मला सिंगापूरचं सांगितलं.

27 मे 2010. जेटस्टारचं एक ए३२१ डार्विनहून सिंगापूरला उतरत होतं. विमान चालवत होता फर्स्ट ऑफिसर, लक्ष ठेवायचं काम कॅप्टनकडे. कॅप्टनचा फोन चालू राहिला होता. अडीच हजार ते दोन हजार फुटांच्या दरम्यान त्याला खालचं नेटवर्क मिळालं आणि अडकून राहिलेले मेसेज टुणटुण करत यायला लागले. फर्स्ट ऑफिसरनं त्याला एक उंची लावायला सांगितली. उत्तर नाही. पुन्हा सांगितली. उत्तर नाही. वळून बघतो तर कॅप्टन फोनशी खटपट करतोय. तो मेसेज वाचत नव्हता, फोन बंद करायचा प्रयत्न करत होता, आणि त्यासाठी आधी कुलूप उघडावं लागतं! पाचशे फुटांच्या खाली आले तरी उतरायची तयारी झालेली नव्हती, चाकांचीही नाही. 392 फुटांवर त्यांनी विमान पुन्हा वर नेलं. पुढं सुखरूप उतरले.

कुणाचे असतील ते मेसेज? अहवालात ते नाही, आणि असायचं कारणही नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे कुठल्यातरी गच्चीतला एक मामा येतो, पिठलं करू का विचारणारा. त्या दिवसापासून मी मेसेज टाकायचा बंद झालो.

मात्र काही मेसेज फोन बंद करून अडत नाहीत. 22 मे 2020 ला कराचीत पीआयएचं, म्हणजे पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीचं, ए३२० पडलं. टाळेबंदी नुकतीच सैल झालेली, ईद दोन दिवसांवर. पाकिस्तानच्या मंत्र्यांनी प्राथमिक अहवाल मांडताना सांगितलं की दोघे वैमानिक उतरताना कोरोनाबद्दल बोलत होते, त्यांच्या घरच्यांना त्याची झळ लागली होती. विमान हवं त्यापेक्षा खूप उंच होतं. कंट्रोलरनं सांगितलं तरी त्यांनी जमवतो म्हटलं. चाकं आधी बाहेर काढलेली, मग पुन्हा आत गेलेली, आणि कॉकपिटमध्ये धोक्याच्या सूचना वाजत असताना विमान चाकांशिवाय धावपट्टीवर इंजिनांवर घासत गेलं. पुन्हा वर उचललं, पण घासलेली इंजिनं बंद पडली आणि ते वस्तीवर कोसळलं. 99 पैकी 97 गेले, जमिनीवरही एक जीव गेला.

त्या मे महिन्यात आपल्या पुण्यात कोण दुसरं काही बोलत होतं? मी भाजी घ्यायला गेलो तरी भाजीवाला आणि मी सहा फुटांवरून तेच बोलायचो. त्या दोघांना शहाणपण शिकवायची माझी छाती नाही. नियम माहीत असूनही घरची काळजी कॉकपिटात कशी शिरत असेल हे कळतं. बॅगेत टाकून बंद करता येईल अशी ती वस्तू नाही. अण्णा ससूनमध्ये होते तेव्हा मी रोज बँकेत वेळेवर जात होतो, आणि साहेबही म्हणायचे, बरं झालं आलास, मन रमेल.

गप्प बसण्याचीही एक दुसरी बाजू आहे, आणि तिथं मला अण्णांची उलटी आणि पाढे आठवतात. त्याच मे 2010 मध्ये, सिंगापूरच्या त्या प्रसंगाच्या पाचच दिवस आधी, मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं. 158 जण गेले, आठ वाचले. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेले होते, घोरण्याचा आवाज ध्वनिफितीत आला. जाग आली तरी झोप पुरती उतरली नसावी. विमान फार उंचावरून, वेगानं उतरत होतं. फर्स्ट ऑफिसर बोलले, गो-अराउंड म्हणून सांगितलं, एकदा नव्हे तीनदा. ऐकलं गेलं नाही. म्हणजे जे बोलायचं ते बोललं गेलं होतं. भाचीला मी हे विचारलं, तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता आम्हाला शिकवतात की उजव्या खुर्चीतून गो-अराउंड म्हटलं की डावीकडून प्रश्न विचारायचा नाही. वर जायचं. चर्चा वर गेल्यावर." थोड्या वेळानं तीच म्हणाली, "शिकवतात."

आता लेझरचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हे सगळं लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या चुका मोजणं होईल.

आम्ही धानोरीत राहतो. पूर्वेचा वारा असला किंवा कंट्रोलरनं तशी दिशा दिली, की विमानं पश्चिमेकडून, आमच्या डोक्यावरून उतरतात. धावपट्टी दीड-दोन किलोमीटरवर, त्यामुळे आमच्या गच्चीवरून जाताना ती साधारण तीनशे-चारशे फुटांवर असतात. पोटावरचे दिवे, बाहेर आलेली चाकं, चाकांच्या पट्ट्यांवरची घाणसुद्धा दिसते. पाहुण्यांना आम्ही हे कौतुकानं दाखवतो. आणि मी आमच्या मंडळाचा खजिनदार. बँकेतला माणूस म्हणून हे काम आपसूक माझ्याकडे येतं. तीन वर्षांपूर्वीच्या बैठकीत पोरांनी ठरवलं, यंदा साउंड नेहमीचा, पण लेझर आणि शार्पी, म्हणजे फिरत्या झोताचे दिवे, लावायचे. शेजारच्या मंडळानं लावले होते. मी पावती बघितली, ॲडव्हान्सचा चेक लिहिला. मला फक्त जीएसटी बरोबर लावलाय का ते बघायचं होतं.

गौरी जेवणाच्या रात्री मी गच्चीत होतो. खाली चौकात ढोल थांबून डीजे सुरू झालेला. लेझरचा हिरवा पंखा समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून, झाडांच्या शेंड्यांवरून फिरत होता आणि मध्येच आकाशात उघडत होता. पश्चिमेकडून एक विमान यायला लागलं, दोन पांढरे दिवे, मोठे मोठे होत. पंखा फिरत फिरत वर गेला आणि एका क्षणासाठी विमानाचं नाक हिरवं झालं. बस, एवढंच. पुढच्या क्षणी विमान डोक्यावरून गेलं, खालच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

लांबून लेझर बारीक रेषेसारखा दिसतो, पण अंतर वाढलं की तो पसरतो आणि काचेवर पोचेपर्यंत त्याचा मोठा डाग झालेला असतो. विमानाच्या पुढच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यांवर तो फुटतो आणि अख्खं कॉकपिट हिरवं होतं. माणसाच्या डोळ्याला हिरवा सगळ्यात झगझगीत लागतो. अंधाराला सरावलेले डोळे एकदा दिपले की पूर्ववत व्हायला वीस-तीस मिनिटं लागू शकतात, आणि इथं तर शेवटचं अर्धं मिनिट उरलेलं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या रात्री मी फक्त ॲप उघडून बघितलं. भाचीचं विमान नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची अजून लाज वाटते.

तिला मी दोन महिने सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. "किती वेळ पडला?" "एखादा सेकंद." "दोघांपैकी कुणाच्या बाजूनं?" मला काय माहीत? म्हणाली, "आम्ही एकानं मान खाली घालायची आणि दुसऱ्यानं कंट्रोल घ्यायचे असं करतो. दोघांच्याही डोळ्यांवर आला तर मात्र..." आणि विषय बदलला.

पुणे पोलीस गेली काही वर्षं उत्सवात अशा लेझर-बीमवर बंदीचे आदेश काढतात, त्यामुळे मला बैठकीत शूर व्हावं लागलं नाही. मी नुसता आदेशाचा कागद टेबलावर ठेवला. एक पोरगा म्हणाला, "काका, दिवे खाली धरून लावू की." दुसरा म्हणाला, "काकांची भाची पायलट आहे ना, म्हणून." मी दोघांनाही उत्तर दिलं नाही, लेझरच्या ओळीत रक्कम लिहायला नकार दिला, आणि वर्गणीच्या वादात ती बैठक साडेअकरापर्यंत चालली.

परवा रात्री ती दिल्लीहून येणार होती. मी गच्चीत होतो, फोन हातात, मेसेज टाकायचा नाही हे ठरलेलं. साडेनऊच्या सुमाराला पश्चिमेला दोन दिवे दिसले. खालून बायकोनं हाक मारली, पिठल्यात मीठ किती घालू म्हणून, आणि मी "थांब" एवढंच म्हणालो. विमान डोक्यावरून गेलं, चाकं बाहेर होती, सगळी. मग टिंगरेनगरच्या इमारतींच्या मागं दिसेनासं झालं. मी कठड्याला टेकून उभा राहिलो.

बावीस मिनिटांनी फोन वाजला. 'बसमध्ये बसले. भूक लागलीय. मामीला म्हणावं मिरच्या तळ.'